डिमसमच्या टेबलावरची घाई म्हणजे उर्मटपणा नव्हे

महोदय,

हाँगकाँगला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांची प्रवासवर्णनं वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नेहमी येतात. त्यांत डिमसमच्या हॉटेलांविषयीची तक्रार ठरलेली असते: वेटर हसत नाहीत, काय मागवावं ते सांगत नाहीत, टोपल्या आदळतात आणि शेवटचा घास तोंडात असतानाच टेबल पुसायला येतात. आम्ही हाँगकाँगमध्ये राहणारे आणि खाण्याच्या धंद्याशी संबंध असलेले काही मराठी लोक आहोत. आमचं म्हणणं असं, की ही सेवा वाईट नाही, तिची रीत वेगळी आहे. तिथे निम्मं काम वेटर करतो आणि निम्मं गिऱ्हाइकाने करायचं असतं. हे गिऱ्हाइकाचं निम्मं काम काय, ते कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र थोडं लांबणार आहे.

आधी नावाबद्दल. मुंबई-पुण्याच्या मेन्यूकार्डावर ‘डिमसम’ म्हणजे मोमोसारखा एक पदार्थ. हाँगकाँगमध्ये आणि शेजारच्या ग्वांगझूमध्ये ते चहाबरोबर खायच्या लहानलहान जिनसांचं सामायिक नाव आहे. त्यात उकडलेलं, तळलेलं, भाजलेलं, गोड, तिखट सगळं आलं. तिथली माणसं ‘डिमसम खायला जाऊ’ असं सहसा म्हणत नाहीत, ‘यम छा’ला जाऊ म्हणतात. यम छा म्हणजे चहा पिणं. आपला ‘चहा’ आणि त्यांचा ‘छा’ मुळात एकच शब्द. मुख्य गोष्ट चहा, बाकीचं त्याच्या जोडीला, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं बरंच उलगडतं.

रविवारी अकरा ते दोन ही सर्वांत गर्दीची वेळ. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबं येतात. दारात एक बाई किंवा यंत्र असतं, तिथे किती माणसं आहेत ते सांगून नंबराची चिठ्ठी घ्यायची. एक-दोन माणसं, तीन-चार माणसं, त्याहून मोठी मंडळी अशा रांगा बहुधा वेगळ्या असतात, त्यामुळे तुमच्या मागून आलेलं जोडपं आधी आत गेलं तर कोणी वशिला लावलेला नसतो. त्यांच्या मापाचं टेबल रिकामं झालेलं असतं, एवढंच. सगळी माणसं हजर नसली तर बऱ्याच ठिकाणी बसवत नाहीत. ‘दोघं मागून येताहेत’ हे चालत नाही, कारण रिकाम्या खुर्चीवर चहाही खपत नाही आणि टोपल्याही. सुट्टीच्या दिवशी टेबल दीड तासापुरतंच मिळेल, असंही अनेक ठिकाणी आधीच सांगतात. जुन्या चहाघरांत अनोळखी माणसांबरोबर एकाच गोल टेबलावर बसवतात. मुंबईच्या इराण्याकडे बसलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. शेजाऱ्याला मान लववायची, त्याच्या किटलीला हात लावायचा नाही. दोघांची बिलं वेगळी असतात.

बसल्याबसल्या वेटर पहिला प्रश्न विचारतो तो चहाचा. इथे आपली मंडळी पाण्याची बाटली मागतात आणि गोंधळाला सुरुवात होते. चहाचं नाव तयार ठेवावं. पो ले हा काळपट, मातकट वासाचा मुरवलेला चहा तेलकट खाण्यावर उत्तम. हेउंग पिन म्हणजे मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचा वास दिलेला. तिट कुन यम हा उलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. नवख्याने पो लेमध्ये शेवंतीची फुलं घातलेला कुक पो मागवावा, मातकटपणा कमी लागतो. दूध-साखर मागू नये. चहाचे पैसे माणशी लागतात, तुम्ही प्यालात की नाही याचा संबंध नाही, आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचेही लागतात. ही फसवणूक नसून जागेचं भाडं आहे असं समजावं.

मग चहाची किटली येते, बरोबर बहुतेकदा गरम पाण्याची दुसरी किटली आणि एक मोठा वाडगा. हा वाडगा हात धुवायचा नाही आणि सूपचाही नाही. पहिल्या फेरीच्या चहाने किंवा गरम पाण्याने पेले, वाट्या, चमचे, चॉपस्टिक्स विसळायच्या आणि ते पाणी या वाडग्यात ओतायचं. वाटीत पेला आडवा ठेवून, वरून पाणी सोडत तो बोटांनी गोल फिरवला की दोन्ही एकदम विसळून होतात. भांडी अस्वच्छ असतात असा याचा अर्थ नाही, ती जुनी सवय आहे. विसळून झालं की वेटर वाडगा उचलून नेतो. तो तसाच टेबलाच्या मधोमध राहिला तर पुढच्या टोपल्यांना जागा उरत नाही.

चहा दुसऱ्यांना आधी ओतायचा, स्वतःला शेवटी. आपल्याला कोणी ओतला तर तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करायचं, हे आभार. असं सांगतात, की छ्येनलुंग बादशहा वेषांतर करून फिरत असताना त्याने सेवकाला चहा ओतून दिला. भर हॉटेलात साष्टांग नमस्कार घातला असता तर बादशहाचं बिंग फुटलं असतं, म्हणून सेवकाने बोटांनीच गुडघे टेकले. दंतकथाच ती, पण खूण फार सोयीची आहे. तोंडात घास असताना, गोंगाटात, न बोलता आभार मानता येतात. दुसरी खूण त्याहून कामाची. किटलीतलं पाणी संपलं की झाकण काढून ते कडेवर तिरकं ठेवायचं. हात वर करून हाका मारायची गरज नाही. वेटर जाता जाता बघतो आणि पाणी भरून झाकण नीट बसवतो. पंधरा मिनिटं ‘कोणी लक्षच देत नाही’ म्हणून खोळंबलेली माणसं बहुतेक वेळा झाकण बंद ठेवून बसलेली असतात. झाकण बंद म्हणजे ‘आम्हाला काही नको’.

आता मागवण्याविषयी, कारण खरी गडबड इथे होते.

ढकलगाड्यांवर टोपल्या फिरवणारी हॉटेलं आता कमी राहिली आहेत. सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस हे त्यांतलं सर्वांना ठाऊक असलेलं. तिथे टेबलावर एक कार्ड ठेवतात, टोपली घेतली की गाडीवाली बाई त्यावर शिक्का मारते. लहान, मध्यम, मोठं, खास असे दराचे रकाने असतात आणि या कार्डावरूनच बिल होतं, म्हणून ते चटणीत भिजू देऊ नये. गाडीवाली नाव पुकारत येते. ती आपल्यापर्यंत येईल म्हणून वाट बघू नये, कार्ड घेऊन गाडीपाशी जावं. झाकण उघडून दाखवा म्हणायला कोणी रागावत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून नुकतीच निघालेली गाडी सर्वांत चांगली, दोन चकरा मारून आलेली टोपली टाळावी.

बाकीच्या बहुसंख्य ठिकाणी एक कागद आणि पेन्सिल मिळते, किंवा हल्ली फोनवर कोड स्कॅन करायचा असतो. कागदावर हव्या त्या पदार्थापुढे आकडा घालायचा. पर्यटक भागांत इंग्रजी कागद मागितला तर बहुधा मिळतो. आपल्याकडची सवय अशी, की एकदाच सगळं सांगून मोकळं व्हायचं. इथे ते केलं की दहा मिनिटांत बारा टोपल्या एकदम येऊन पडतात, टेबल भरतं, वेटर टोपलीवर टोपली रचतो आणि निम्मं गार होतं. स्वयंपाकघर जे आधी तयार होईल ते आधी पाठवतं. तिथे आधी स्टार्टर, मग जेवण असा क्रम नसतो. उकडलेलं भरून तयार असतं, ते पाच-दहा मिनिटांत येतं. छेंग फान, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ वाफवलेल्या गुंडाळ्या, मागणीप्रमाणे करतात. तळलेलं त्यानंतर, आणि भट्टीतलं सर्वांत उशिरा. चार माणसांनी पहिल्या खेपेला चार-पाच टोपल्या लिहाव्यात, त्या निम्म्या संपल्या की दुसरा कागद द्यावा. एकूण हिशेब माणशी तीन टोपल्यांचा धरावा, शेवटचा भात किंवा गोड त्यातच आलं. साध्या ठिकाणी एका टोपलीला साधारण 25 ते 40 हाँगकाँग डॉलर पडतात.

नग मोजून घ्यावेत. हा काउ (कोळंबीच्या पुड्या) आणि सिउ माय (डुकराचा खिमा आणि कोळंबी भरलेल्या, वरून उघड्या पुड्या) टोपलीत बहुधा चार असतात, पाउ (सारण भरलेले वाफवलेले पाव) आणि अंड्याचे टार्ट तीन. चौघांत तीन पाउ आले की वाद होतो, तेव्हा वेटरकडे कात्री मागावी. डिमसमच्या हॉटेलात ती असतेच. एक पाउ कापून अर्धा अर्धा वाटला जातो.

घाई का, याचं उत्तर हा काउच्या टोपलीत आहे आणि ते मराठी माणसाला दुसऱ्या कोणाहूनही लवकर कळेल, कारण हा काउ हा उकडीच्या मोदकाचा जवळचा नातलग आहे. कोळंबी भरलेली ही पारदर्शक पुडी. तिची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते, म्हणजे कुरडईसाठी आपण जो चीक काढतो तोच वाळवून केलेली पूड. पाच भाग सत्त्व, एक भाग साबुदाण्याचं म्हणजे टॅपिओकाचं पीठ, चिमूटभर मीठ, आणि सुक्या पिठाच्या दीडपट उकळतं पाणी. पाणी उकळतंच लागतं. जरा निवलेलं घातलं तर सत्त्व कच्चं राहतं आणि पारी फाटते. उकड झाकून ठेवायची, मग थोडी चरबी घालून मळायची. लाटणं वापरत नाहीत. तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने गोळी दाबत फिरवली की सात-आठ सेंटीमीटरची चकती होते, एका कडेला किंचित पातळ. त्या पातळ कडेला चुण्या घालतात, मोदकाच्या कळ्यांसारख्या, पण एकाच बाजूला. सातपेक्षा कमी चुण्या जुने कारागीर मान्य करत नाहीत, दहा ते तेरा पडल्या तर हात बसला म्हणायचं. आत कोळंबी, थोडी डुकराची चरबी, बांबूचे कोंब. कोळंबी मीठ आणि पिठाने चोळून, वाहत्या पाण्यात धुऊन, अगदी कोरडी करून घेतात, तेव्हा ती दाताखाली करकरीत लागते. मोठ्या वाफेवर पाच-सहा मिनिटं. मिनिटभर जास्त झालं तर पारी चिकट होऊन टोपलीला धरते.

आणि वाफेवरून उतरल्यावर घड्याळ सुरू होतं. या पारीत ग्लुटेन नाही, लवचीकपणा फक्त गरम स्टार्चचा. गार झाली की ती पांढुरकी होते, कडेने टणक होते आणि चॉपस्टिक लावताच तडकते. दहा मिनिटांत हा बदल डोळ्यांना दिसतो. म्हणून वेटर टोपली ठेवताना ‘कसं चाललंय’ विचारत थांबत नाही, ठेवतो आणि दुसरी आणायला पळतो. त्या पळण्यातच त्याची आस्था आहे. गिऱ्हाइकाने बदल्यात एवढंच करायचं: फोटो एक काढावा आणि खावं. टोपली आल्यावर बघावं, पारीतून गुलाबी रंग दिसतो का, तळाला पाणी साचलंय का. पारी मंद पांढरी असेल, खाली पाणी असेल तर ती टोपली तिथल्या तिथे परत करावी. अर्धी खाऊन तक्रार केली तर कोणी ऐकत नाही.

छा सिउ पाउ, म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस भरलेला पाउ. त्याबद्दल एवढंच, की त्याचं डोकं तीन पाकळ्यांत फुटलेलं असावं. पिठातल्या बेकिंग पावडरीला एकदम जोराची वाफ मिळाली तरच ते फुटतं. वाफ मंद असेल किंवा मध्येच झाकण उघडलं असेल तर तो मिटलेला आणि जड निघतो. लाउ सा पाउ हा खारवलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा, आत पातळ सारण असलेला. लहान मुलाच्या हातात तो कधीही तसाच देऊ नये. बाहेरून कोमट लागतो, आतलं सारण उकळतं असतं आणि पहिल्या चाव्याला हनुवटीवर ओघळतं. आधी फोडून दोन मिनिटं ठेवावा.

चॉपस्टिकच्या दोन जोड्या मांडलेल्या दिसल्या तर एक जास्तीची समजून परत करू नका. रंग वेगळा असतो, एक जोडी वाढून घ्यायची आणि एक खायची. उष्टं-खरकटं आपल्याइतकं कोण पाळतं? ही पद्धत आपल्या लोकांना मनापासून पटायला हवी.

शाकाहाऱ्यांविषयी स्पष्ट लिहिणं भाग आहे, कारण इथे नुसत्या अंदाजाने माणसं नको ते खातात. ‘लो पाक को’ हा मुळ्याचा वडीसारखा पदार्थ, नाव आणि रूप दोन्ही शाकाहारी, पण त्यात चिनी सॉसेज आणि सुकट घातलेली असते. अरवीजातीच्या कंदाचा जाळीदार तळलेला ‘वू कॉक’, आत बहुधा डुकराचा खिमा. कमळाच्या पानातला चिकट भात, आत कोंबडी. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस. टार्टच्या पापुद्र्यात पुष्कळदा चरबी. ‘व्हेजिटेबल डम्पलिंग’ लिहिलं असलं तरी सारणात कोळंबी असू शकते, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ ‘भाजी घातलेलं’ एवढाच होतो. ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, कोळंबी आणि सॉस त्यात धरलेच जात नाहीत. शब्द वापरायचा तो ‘चाय’, पण च ‘चमचा’तला, ‘चिमणी’तला नव्हे. आपल्याला हा उच्चार सहज जमतो. ‘ङो सिक चाय’, मी चाय खातो. हा बौद्धांचा शब्द आहे, त्यात मांस-मासे आलेच, बहुधा कांदा-लसूणही वर्ज्य. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली बरीच भाविक माणसं हेच खातात, त्यामुळे वेटरला ते लगेच कळतं. साध्या हॉटेलात ‘चाय छेंग’, म्हणजे काही न भरलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या, सहज मिळतात. वरून तीळ आणि गोडसर सोया. पूर्ण शाकाहारी डिमसम खायचं तर डायमंड हिलला नान लिएन बागेतलं, चि लिन भिक्षुणी मठाचं उपाहारगृह गाठावं. जैन मंडळींना मात्र मुळा, अरवी, बांबूचे कोंब यांमुळे तिथेही विचारूनच घ्यावं लागेल. डुकराचं न खाणाऱ्यांसाठी वान चायच्या मशिदीत वरच्या मजल्यावर इस्लामिक सेंटरचं कँटीन आहे, तिथे हलाल डिमसम मिळतं.

हाक कशी मारावी? चुटकी वाजवू नये, ‘बॉस’ म्हणू नये. बाईंना ‘आ चे’ म्हणावं, पुन्हा चमच्यातलाच च. अर्थ ‘ताई’. प्रत्येक लहान कामानंतर ‘म् कॉय’ म्हणावं. ‘जरा’, ‘कृपया’, ‘आभारी आहे’ हे तिन्ही त्या एका शब्दात येतात. गरम पाणी हवं तर ‘का सॉय’, बिल हवं तर ‘माय तान’. उच्चार चुकला तरी चालतो. ज्या वेटरच्या कपाळावर आठ्या होत्या तोच ‘म् कॉय’ ऐकल्यावर स्वतःहून ताजी टोपली सुचवतो, हे कोणीही करून पाहावं.

बिलात टोपल्यांखेरीज माणशी चहा, दहा टक्के सेवाशुल्क, आणि टेबलावर न मागता ठेवलेली शेंगदाण्यांची किंवा लोणच्याची बशी असते. ती नको असेल तर ठेवतानाच परत करावी. वेगळी टीप देण्याची सक्ती नाही, सुटे ठेवले तर घेतात. लहान जुन्या ठिकाणी रोख पैसे बाळगावेत. बिल दिल्यावर मात्र गप्पा रंगवत बसू नये. दारात नंबर घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना तुमच्या खुर्चीची पाठ दिसत असते.

शेवटी सहल कंपन्यांना विनंती. चाळीस माणसं रविवारी साडेबाराला घेऊन जाऊ नका. दहा-बारा जणांची गोल टेबलं आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी दोननंतर सहज मिळतात, आणि दोननंतर कित्येक ठिकाणी दरही उतरतात. टेबल सांगतानाच शाकाहारी किती ते कळवा आणि त्यांना एकाच टेबलावर बसवा. सारणं पहाटेच कालवून ठेवलेली असतात. बसल्यावर ‘यातली कोळंबी काढून द्या’ असं सांगितलं तर त्या स्वयंपाकघरात ते कोणालाच करता येत नाही.

आपले,
हाँगकाँगमधील काही मराठी वाचक